प्रभातची वास्तू आणि दामलेमामा

पुण्यात डेक्कनवरून कर्वे रस्त्याला लागले की उजव्या हाताच्या वस्तीत एक लांबलचक रस्ता लागतो. त्याच्या गल्ल्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. पत्ता सांगताना लोक ‘प्रभात रोड, अमुकावी गल्ली’ एवढेच सांगतात आणि रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. या रस्त्यावर राहणाऱ्या नव्या पिढीतल्या कित्येकांना वाटते की, सकाळी फिरायला चांगला म्हणून त्याला प्रभात म्हणत असावेत. हे नाव एका कंपनीचे आहे. कंपनी मोडून सात दशके झाली, पण तिचे नाव रस्त्यावर आहे आणि तिची वास्तू लॉ कॉलेज रस्त्यावर टेकडीच्या पायथ्याशी, आजही चित्रपटाच्याच कामासाठी, उभी आहे.

प्रभात फिल्म कंपनीचा इतिहास सांगायचा म्हटले की चित्रपटांची यादी सुरू होते: ‘अयोध्येचा राजा’, ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’. यादी मोठी आहे आणि गोडही आहे. तिच्यापाठोपाठ व्ही. शांताराम यांचे नाव येते, तेही रास्तच. या लेखात मात्र मुद्दाम थोडी बाजू बदलून पाहायचे आहे. चित्रपट कुठे झाले, ती जागा कोणी आणि कशी उभी केली, आणि कंपनी बुडाल्यावरही ती का टिकली, हा प्रश्न मला यादीपेक्षा मोठा वाटतो. त्याचे उत्तर शोधायला गेले की पडद्यावर फारसे न दिसणारा एक माणूस समोर येतो: विष्णुपंत गोविंद दामले. स्टुडिओत त्यांना सगळे दामलेमामा म्हणत. त्यांच्या जोडीला सावलीसारखे असत शेख फत्तेलाल, म्हणजे साहेबमामा.

दामल्यांचा जन्म १८९२ चा, पेणचा. फत्तेलाल कागलचे, १८९७ चे; त्यांच्या नावापुढे ‘मिस्त्री’ लागे, आणि हाताच्या कसबाचा वारसा त्या शब्दातच होता. दोघे एकत्र आले कोल्हापुरात, आनंदराव पेंटर यांच्या हाताखाली. आनंदराव आणि त्यांचे आतेबंधू बाबुराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. तो काळ असा की नाटक कंपनीचा पडदा हेच तिचे निम्मे वैभव. राजवाडा, अरण्य, रस्ता, दरबार हे सगळे कापडावर इतके हुबेहूब उभे करायचे की मागच्या बाकावरच्या माणसालाही खांब गोल दिसला पाहिजे. सपाट कापडावर खोली दाखवण्याची ही विद्या पुढे कॅमेऱ्यासमोर सेट उभारताना जशीच्या तशी कामी आली. प्रभातच्या दरबारांचे खांब भरीव वाटतात, त्याचे मूळ या रंगकामात आहे.

आनंदरावांना चित्रपटाचे वेड लागले होते, पण १९१६ मध्ये ते गेले. बाबुरावांनी ते वेड पुढे चालवले. विलायती कॅमेरा घ्यायला पैसे नव्हते. जुन्या प्रोजेक्टरची यंत्रणा खोलून, समजून घेऊन, लेथवर एकेक भाग कातून कोल्हापुरातच कॅमेरा तयार झाला, आणि या खटाटोपात बाबुरावांचा उजवा हात दामले होते. फिल्म एका चौकटीवर क्षणभर थांबली पाहिजे, कॅमेऱ्याची झडप बंद असताना पुढे सरकली पाहिजे आणि पुन्हा थांबली पाहिजे. केसाएवढी चूक झाली तरी चित्र पडद्यावर थरथरते. असे यंत्र पुस्तकी शिक्षण नसलेल्या माणसांनी कानसीने घासून जमवले. त्याच कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. लोकमान्य टिळकांनी तो पाहिला आणि बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही एक कार्यशाळाच होती. तिथे नट, रंगारी, सुतार, कॅमेरामन असे वेगळे कप्पे नव्हते. शांताराम वणकुद्रे (म्हणजे पुढचे व्ही. शांताराम) हा कोल्हापूरचा तरुण १९२० मध्ये तिथे आला तो पडेल ते काम करत शिकला. पुढे दामले-फत्तेलाल या जोडीने तिथेच १९२८ मध्ये ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला. पण बाबुराव हे मनस्वी कलावंत. हिशेब आणि वेळापत्रक या दोन गोष्टींशी त्यांचे कधी जमले नाही. शिष्यांनी वेगळे व्हायचे ठरवले. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. भागीदार पाच: दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघे बाबुरावांच्या हाताखालचे, पाचवे कोल्हापुरातले सराफ. कंपनीचे ‘प्रभात’ हे नाव नट बाबुराव पेंढारकरांनी सुचवले असे सांगतात.

या पाच जणांची कामे वाटलेली होती आणि ती वाटणी हेच प्रभातच्या पहिल्या दशकाचे बळ होते. शांताराम दिग्दर्शन करीत. धायबर कॅमेरा सांभाळत. सेट, वेशभूषा, चित्रातली रचना साहेबमामांची. पैशाचा व्यवहार सीतारामपंतांचा. आणि यंत्रे, रसायनशाळा, पुढे ध्वनी, त्याशिवाय रोजचा कारभार हे सगळे दामलेमामांकडे. कुठले यंत्र कधी बिघडले, कोणाचा पगार कधी द्यायचा, लाकूड कुठून आणायचे, हे त्यांच्या डोक्यात असे. कोणत्याही संस्थेत असा एक माणूस असतो की तो असेपर्यंत त्याचे काम कोणाला दिसत नाही.

कोल्हापुरात प्रभातने सहा मूकपट काढले. पहिला ‘गोपाळकृष्ण’. चौथ्या ‘उदयकाल’चे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ होते. ‘स्वराज्य’ हा शब्द सेन्सॉरला खपला नाही. मग १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि सगळ्या मूकपटवाल्यांच्या पायाखालची वाळू सरकली. प्रभातने लगोलग ध्वनियंत्रणा घेतली. यंत्र आले, पण ते वापरायचे कसे हे शिकवणारा माणूस कोल्हापुरात कुठून मिळणार? दामले ते शिकले. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईत लागलेल्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाचे ध्वनिलेखन त्यांनी केले. पेंटरच्या हाताखाली पडदे रंगवणारा माणूस आता हवेतला आवाज फिल्मच्या कडेच्या पट्टीवर उतरवत होता. या एका उडीचे कौतुक आपल्या चित्रपट इतिहासात पुरेसे झालेले नाही, असे माझे मत आहे. दुर्गाबाई खोटे यांची तारामती सगळ्यांना आठवते. ती बोलते कोणामुळे, हे कोणी विचारत नाही.

आवाज आला आणि कोल्हापूर अपुरे पडू लागले. मूकपटाला सूर्यप्रकाश आणि मोकळे आवार पुरे असते. बोलपटाला बंद, शांत मजला लागतो, खात्रीची वीज लागते, तोंडपाठ संवाद म्हणणारे नट लागतात आणि बिघाड झाला तर मुंबईहून लगेच मिळणारा सुटा भाग लागतो. कोल्हापूर मुख्य लोहमार्गापासून बाजूला, तर पुण्याहून मुंबईला १ जून १९३० पासून डेक्कन क्वीन धावू लागली होती. (प्रभातचा आणि डेक्कन क्वीनचा वाढदिवस एकाच तारखेला येतो, हा निव्वळ योगायोग, पण पुणेकराला तो आवडण्यासारखा आहे.) शिवाय कोल्हापुरात खुद्द राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन उभी राहत होती. १९३३ मध्ये प्रभातने गाशा गुंडाळला आणि पुणे गाठले.

गाव पुणे असले तरी त्यांनी जागा घेतली ती त्या काळच्या पुण्याबाहेर. नदीपलीकडे डेक्कन जिमखान्याची वसाहत वसत होती, फर्ग्युसन कॉलेज होते, भांडारकर संस्था होती. त्याच्याही पुढे एरंडवणे हे खेडे. शेते, बाभळी आणि पश्चिमेला टेकडी. पेठांतल्या माणसाला लकडी पूल ओलांडून तिथवर जाणे म्हणजे गावाला जाण्यासारखे वाटे. पण बोलपटाला जे हवे ते तिथे होते: शांतता, उजेड, आणि राजवाडे, देवळे, गल्ल्या, तळी उभारायला हवी तेवढी जमीन. टेकडीची कड पाठीशी घेतली की कॅमेऱ्यात आधुनिक काहीही येत नसे. पौराणिक चित्रपटवाल्याला याहून मोठे सुख नाही.

तिथे प्रभातनगर वसले. स्टुडिओ म्हणजे एखादी मोठी शेड, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. प्रभातनगर हा एक पुरा कारखाना होता. मुख्य फ्लोअर एवढे प्रशस्त की त्यावर एका वेळी मोठा दरबार भरावा. भिंतींना आतून आवाज शोषून घेणारे अस्तर, वर दिवे टांगायला आणि त्यांच्यामागे माणसांनी वावरायला फळ्यांचे माच, हत्ती आत जाईल एवढे दार. बाजूला रसायनशाळा, संकलनाच्या खोल्या, सुतारकाम, रंगकाम, शिवणकाम, रंगभूषा, सामानाची कोठारे, फिल्म ठेवण्याच्या खोल्या, कचेरी. आवारात तळे खणले; नदी, सरोवर, घाट हे सगळे त्याच्या काठावर उभे राहू लागले. चित्रीकरण झाल्यावर फिल्म धुवायला मुंबईला पाठवायची नाही, सेटचे सामान भाड्याने आणायचे नाही, कपडे बाहेर शिवायचे नाहीत. कच्ची फिल्म एका दारातून आत यावी आणि दुसऱ्या दारातून चित्रपटाचे डबे बाहेर पडावेत, अशी ती रचना होती.

ती आखली कोल्हापुरात वर्षानुवर्षे अडचणीत काम केलेल्या माणसांनी, म्हणून तिच्यात दिखाऊपणा नाही. कशापासून काय किती अंतरावर असावे हे त्यांना पायांनी माहीत होते. सेटवरून सुतारखान्यात धावत जावे लागले की किती वेळ फुकट जातो, ओली फिल्म वाळवायला किती जागा लागते, ठोकाठोकीचा आवाज माइकपर्यंत पोहोचू नये म्हणून सुतारखाना किती लांब हवा, हे प्रश्न बाहेरून आलेल्या वास्तुविशारदाला सुचले नसते. वास्तू नव्वद वर्षे त्याच कामाला येत राहिली याचे कारण मला इथे दिसते.

आणि शिस्त. प्रभातमध्ये नट-नट्या महिन्याच्या पगारावर होत्या आणि चित्रीकरण असो वा नसो, वेळेवर हजर राहणे बंधनकारक होते. आज नायिका असलेली बाई उद्या दुसऱ्या चित्रपटात किरकोळ कामात दिसली तरी कोणाला त्यात कमीपणा वाटत नसे, निदान तसा दंडक होता. गवयी, लेखक, रंगारी, लोहार सगळे एकाच हजेरीपटावर. नाटक मंडळीतून आलेल्यांना हे जड जाई, कारण तिथे दुपारी उठण्याची सवय.

पुण्यातला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’, १९३४ चा. शांताराम जर्मनीहून नुकतेच परतले होते. ‘सैरंध्री’ या प्रभातच्या बोलपटाच्या रंगीत प्रती तिकडे करून घेण्याचा त्यांचा प्रयोग फसला होता, पण भिंगांविषयी ते बरेच शिकून आले. ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूच्या भूमिकेतील चंद्रमोहन यांचा एकच डोळा पडदाभर दिसतो आणि प्रेक्षक खुर्चीत मागे सरकतो. त्याच वर्षी अप्पा बळवंत चौकात किबे यांच्या जागेत प्रभात टॉकीज सुरू झाले, तेव्हा कंपनीला शहरात हक्काचा पडदाही मिळाला. धायबर थोड्याच वर्षांत बाहेर पडले. बाकी चौघांनी गाडा ओढला.

आता ‘संत तुकाराम’. इथे थोडे रेंगाळायलाच हवे, कारण दामलेमामा आणि साहेबमामा हे काय होते ते इथे कळते. १९३६ चा हा चित्रपट, दिग्दर्शन या दोघांचे, पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस, जे नाटकात पूर्वी स्त्रीभूमिका करीत. जिजाईचे काम केले गौरी यांनी. त्या स्टुडिओत आल्या होत्या साध्या कामगार म्हणून. गर्दीतल्या लहानसहान भूमिका करता करता वर आल्या. पांढरपेशा घरातल्या शिकलेल्या नटीला जी जिजाई अवघड गेली असती, ती गौरींना अभिनय करावाच लागला नाही इतकी सहज साधली. म्हशीला धुताना तिच्याशी गुजगोष्टी करणारी, पोर आजारी पडल्यावर देवळात जाऊन पायातले हातात घेऊन पांडुरंगाला जाब विचारणारी ही बाई मराठी पडद्यावर आधी कोणी पाहिली नव्हती.

चमत्कार या चित्रपटात भरपूर आहेत: वह्या इंद्रायणीतून वर येतात, धान्याची रास लागते, शेवटी गरुडाचे विमान उतरते. पण नीट पाहिले तर लक्षात येते की या दोघांना चमत्काराइतकाच रस चुलीत, दाव्यात, भांड्यात आणि शेताच्या बांधात आहे. तुकोबांचे घर पाहा. जमिनीवरचा शेणाचा हात, कोनाडे, जात्याची जागा, दाराचा उंबरा. सेट आहे असे सांगितल्याशिवाय कळत नाही. साहेबमामांनी हे देहू एरंडवण्यात उभे केले, आणि ते देहूच राहिले. विमान आले तेव्हा जिजाई घरची कामे टाकून वैकुंठाला यायला तयार नाही. तो प्रसंग विमानाच्या देखाव्यापेक्षा जास्त लक्षात राहतो, यात दिग्दर्शकांची सगळी समज आली. ध्वनीचे सांगायचे तर अभंग इथे मैफलीसारखे येत नाहीत. कामाच्या ओघात, चालता चालता, शेतात राखण करताना ते येतात, आणि बोलणे कुठे संपले, गाणे कुठे सुरू झाले याची शिवण दिसत नाही. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक गीत तुकोबांचाच अभंग समजून लोक गाथेत शोधत बसले, अशी कथा आहे.

मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ‘संत तुकाराम’ वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. कोल्हापुरात हाताने काम करत शिकलेल्या दोन कारागिरांचे काम जगातल्या निवडक चित्रपटांत गणले गेले. आणि हे दोघे कोण? एक कोकणातला ब्राह्मण, एक कागलचा मुसलमान. दोघांनी मिळून पुढे ‘गोपाळकृष्ण’ बोलपट आणि ‘संत ज्ञानेश्वर’ केला. दामले गेल्यानंतर फत्तेलाल यांनी ‘जगद्गुरू शंकराचार्य’ही काढला. त्या काळी कोणाला यात काही विशेष वाटले नाही. आज विशेष वाटते, हे आजच्या काळाविषयी बोलके आहे.

शांताराम यांचे त्या वर्षांतले काम वेगळ्या वाटेने गेले. १९३७ चा ‘कुंकू’ ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर. म्हाताऱ्याशी फसवून लावलेले लग्न नाकारणारी नीरा शांता आपट्यांनी उभी केली. त्यात पार्श्वसंगीत नाही. घड्याळ, पावले, भांडी, रस्ता, जे त्या घरात ऐकू येईल तेवढेच. हा निर्णय दिग्दर्शकाचा, पण तो पेलायला शांत मजला आणि कसलेले ध्वनिलेखन लागते. एरंडवण्याची निवड इथे उपयोगी पडली. ‘माणूस’साठी वेश्यावस्तीची आख्खी गल्ली फ्लोअरवर उभी राहिली. ‘शेजारी’च्या शेवटी धरण फुटते. त्यातला मुसलमान म्हातारा मिर्झा गजानन जागीरदारांनी केला, आणि हिंदी ‘पडोसी’त हिंदू म्हातारा केला मझहर खान यांनी. धर्मांची अशी अदलाबदल मुद्दाम केलेली होती.

१९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी परळला राजकमल कलामंदिर काढले. भागीदारी का फुटली यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि प्रत्येकाने आपापल्या बाजूने लिहिले आहे. मला एवढेच दिसते की पाच जणांच्या वाटणीवर उभी असलेली संस्था एकेक माणूस कमी होत गेल्यावर तशी राहू शकत नाही. ‘रामशास्त्री’ १९४४ मध्ये आला तो जुन्या प्रभातचा शेवटचा मोठा चित्रपट. १९४५ मध्ये दामलेमामा गेले.

त्यानंतरची वर्षे पडती असली तरी त्या आवारात घडलेली माणसे पाहिली की आश्चर्य वाटते. १९४६ च्या ‘हम एक हैं’मधून देव आनंद पहिल्यांदा पडद्यावर आले. त्याच काळात गुरुदत्त नावाचा तरुण तिथे नृत्ये बसवत, साहाय्यक म्हणून राबत होता, आणि दोघांची मैत्री इथेच जुळली. सुधीर फडके यांनी ‘गोकुळ’ला इथे संगीत दिले. राजा नेने, दत्ता धर्माधिकारी, अनंत माने हे पुढचे दिग्दर्शकही याच आवारात शिकले. शिकवण्यासाठी वर्ग नव्हता, फळा नव्हता; रसायनशाळेत, संकलनाच्या टेबलावर, सेटवर उभे राहून शिकायचे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले जसे शिकले, तसेच.

युद्धानंतर चित्रपटाचे अर्थकारण पार बदलले. पगारी नटांचा जमाना संपला, एका चित्रपटापुरते मोठे मानधन घेणारे नट आले, काळा पैसा आला. स्टुडिओच्या पगारपटावर शेकडो माणसे पोसणे कोणालाच परवडेना. बॉम्बे टॉकीजची मालाडला हीच गत झाली. प्रभातने १९५३ च्या सुमारास दार लावले. मालमत्ता विकली गेली, चित्रपटांचे हक्कही हातचे गेले. ते हक्क पुढे दामल्यांच्या घराण्याने खटपटीने परत मिळवले, म्हणून आज ते चित्रपट पाहायला मिळतात.

वास्तूचे नशीब मात्र थोर. केंद्र सरकारने १९४९ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली होती. चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था असावी अशी शिफारस तिने केली. संस्थेसाठी जागा शोधताना रिकामे पडलेले प्रभातनगर समोर आले. फ्लोअर तयार, रसायनशाळेची जागा तयार, तळे तयार. १९६० मध्ये भारतीय चित्रपट संस्था तिथे सुरू झाली. पहिले प्राचार्य गजानन जागीरदार, म्हणजे ज्यांनी इथेच ‘शेजारी’त मिर्झा केला आणि ‘रामशास्त्री’ दिग्दर्शित केला तेच. सरकारी कामात इतकी औचित्यपूर्ण नेमणूक क्वचित होते. ऋत्विक घटक इथे उपप्राचार्य होते. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण केंद्र दिल्लीहून इथे आले आणि आजचे नाव मिळाले, भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था. पुणेकर मात्र ‘फिल्म इन्स्टिट्यूट’च म्हणतात.

तिथून बाहेर पडलेल्यांची नावे सांगायला सुरुवात केली तर पाने पुरणार नाहीत: अदूर गोपालकृष्णन, मणी कौल, कुमार शहानी, जया भादुरी, शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, केतन मेहता, अलीकडचे उमेश कुलकर्णी. मला यात एक नाव विशेष महत्त्वाचे वाटते, रसूल पुकुट्टी यांचे. २००९ मध्ये ध्वनीसाठी ऑस्कर मिळवणारा हा ध्वनिलेखक त्याच आवारात शिकला, जिथे दामलेमामांनी ध्वनिलेखन केले होते.

आज आवारात गेले तर नवे-जुने सगळे एकात एक मिसळलेले दिसते. प्रभातचे मोठे फ्लोअर वापरात आहे. विद्यार्थी त्यावर सेट लावतात, मोडतात, पुन्हा लावतात. तळ्याला आता शांताराम यांचे नाव आहे. आंब्याच्या एका झाडाला मुलांनी बोधिवृक्ष ठरवले असून त्याखाली बसून जगातल्या सगळ्या चित्रपटांचे वाभाडे काढले जातात. प्रभातचे एक संग्रहालयही आहे. त्यात जुने पोशाख, दागिने, सामान आहे. पुण्यात राहून ते न पाहिलेले लोक पुष्कळ आहेत. दामल्यांच्या नावाचा एक रस्ताही लॉ कॉलेज रस्त्याला येऊन मिळतो. त्यावरून रोज जाणाऱ्यांना हे दामले कोण ते विचारून पाहावे.

लॉ कॉलेज रस्त्यावरच थोडे पुढे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ मध्ये ते सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून ते वाढवले. जुनी फिल्म नायट्रेटची असे. हा पदार्थ जात्याच ज्वालाग्राही, वय वाढते तसा अधिकच धोकादायक होतो आणि एकदा पेटला की पाण्यानेही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारातील ज्या कोठारात अशी फिल्म ठेवली होती त्याला आग लागली. प्रभातच्या मूळ नायट्रेट फिल्मही त्यात होत्या. ज्या फितीवर दामलेमामांनी आवाज उतरवला, ज्या फितीवर पागनीसांचा चेहरा पहिल्यांदा उमटला, ती तिथेच जळाली; ज्या आवारात तयार झाली त्याच आवारात. यातल्या बऱ्याच चित्रपटांच्या प्रती त्याआधीच सुरक्षित फिल्मवर उतरवून ठेवल्या होत्या. ‘संत तुकाराम’ आपण आज पाहतो तो अशा प्रतींवरून.